नऊ मार्कांचा क्लच

व्हॅनचा क्लच गेला त्या शुक्रवारी संध्याकाळी गाडीत आबा, मी आणि सात बायका होतो, आणि गाडी चढाच्या बरोबर मध्यावर होती. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, चाकं मात्र त्याचं काही ऐकत नव्हती. आमच्या घरात आई आणि आबांचं रोज जे चालायचं त्याहून हे फार वेगळं नव्हतं, म्हणून पहिलं मिनिटभर कुणी मनावर घेतलं नाही. मग करपल्याचा वास आला आणि गाडी हळूहळू मागं सरकायला लागली. आबांनी हँडब्रेक ओढला. मागच्या बाकावरून शेवंतामावशी म्हणाली, "दाजी, तुमची भाजी खाली लागली बघा."

शेवंतामावशी ही आईची धाकटी बहीण, आमच्या समोरच्याच घरात राहायची. दाजीला टोमणे मारायचा मेहुणीचा हक्क तिनं आईच्या लग्नात बजावायला घेतला तो कधी खाली ठेवला नाही. ती आणि वस्तीतल्या आणखी सहा जणी जांबे गावातल्या भाड्याच्या इमारतींमध्ये जिने, फरश्या आणि संडास धुवायला जायच्या. त्या इमारतींत आयटीतली पोरं राहायची, कुणी लातूरचं, कुणी नागपूरचं, एका खोलीत चौघं, आणि चौघांनाही फरशी आपोआप स्वच्छ होते असं वाटायचं. सकाळी सात म्हणजे सात. आबा या सातजणींना पोचवायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. मी आबांशेजारी पुढच्या सीटवर बसायचो आणि वाटेत उतरून कॉलेजची बस पकडायचो. ती सीट आधी मावशीची होती, कारण मागं बसलं की तिला गाडी लागायची. मी इंजिनिअरिंगला लागलो आणि कुणी काही न बोलता ती मागं सरकली, हातात एक लिंबू घेऊन, आणि मीही काही न बोलता पुढं बसलो. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अशा माणसाला पुढं बसवायचं असतं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा फक्त ऐसपैस वाटायचं.

गाडी एका ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. अंगणात ती उभी राहते न राहते तोच जांब्याच्या सुपरवायझरचा फोन आला. तो हिंदीत बोलायचा आणि आबा त्याला मराठीत 'व्हय' म्हणायचे. "सोमवार सुबह गाडी नहीं दिखी तो मैं दूसरी लगा दूँगा, फिर मत बोलना." दुसरी म्हणजे कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या मेव्हण्याची, नवी कोरी, क्लचसकट. ती एकदा लागली की कायमची लागणार होती, आणि ती काही आमच्या वस्तीच्या कच्च्या रस्त्यानं वर येणार नव्हती. सातजणींना रोज पहाटे उठून डांबरी सडकेपर्यंत चालत जावं लागलं असतं, आणि आबांना घरी बसून आईचं ऐकावं लागलं असतं. दोन्ही संकटं सारखीच मोठी होती.

शनिवारी सकाळी आबा पौडला बबन मिस्त्रीकडे जाऊन आले. मिस्त्रीच्या दारात आधीच तीन गाड्या पोटं उघडून पडल्या होत्या. बुधवारी बघू म्हणाला. आबा घरी आले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी माझी ड्रॉइंगची शीट.

"ही कशाची हाय म्हणला व्हतास?"

"क्लचची."

"मंग?"

त्या एका 'मंग'ला मी आजवर उत्तर शोधतोय. मुलाखतीत मला पुढं फार अवघड प्रश्न विचारले गेले, पण इतका अवघड कुणी विचारला नाही. मी म्हणालो, "आबा, ते थिअरी असतं." आबा म्हणाले, "आसू दे की. आपल्या गाडीतबी त्येच आसंल."

त्या शीटबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीतली खरी नादुरुस्त वस्तू तीच. आम्हाला यंत्रांची चित्रं मोठ्या कागदावर काढायला असत. प्रत्यक्षात ती कुणी काढत नसे. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी तपासलेली शीट मिळवायची, काचेवर ठेवायची, मागून उजेड आणायचा आणि वर कोरा कागद ठेवून गिरवायचं. याला कॉलेजात जीटी म्हणत, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, आणि चार वर्षांत तिथं मनापासून शिकली जाणारी ती एकच विद्या होती. माझ्या हाती आलेली शीट कितव्या हातातून आली होती कोण जाणे. ती मुळात कुणी काढली आणि त्यानं जन्मात कधी क्लच पाहिला होता का, हे विचारायची पद्धत नव्हती. हॉस्टेलवाल्या पोरांकडे काचेचं टेबल होतं. माझ्याकडे व्हॅन होती. आबांनी दुपारी गाडी उन्हाला आडवी लावली आणि मी आत बसून सरकत्या दाराच्या काचेवर दोन्ही कागद चिकटवून गिरवत बसलो. ऊन सरकलं की आबा गाडी हातभर सरकवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "वर्दळ करू नका, पोरगं आत इंजिन काढतंय." शीटवर लाल शाईत नऊ मार्क पडले, दहापैकी. एक मार्क सरांनी अक्षरासाठी कापला होता. आबांनी ती शीट जेवणाच्या जागेवरून दिसेल अशी लावली, आणि त्यानंतर आमच्याकडे जेवायला आलेला प्रत्येक माणूस भाकरी मोडता मोडता क्लचकडं बघत आला.

तर शनिवारी काम सुरू झालं. खाली झोपून काम करायला जागा हवी म्हणून आबांनी गाडी संडासाच्या खड्ड्यावर घेतली. पंचायतीनं वस्तीत संडास द्यायचं ठरवलं होतं, त्यातला खड्डा येऊन पोचला होता, संडास यायचा होता. दोन हात रुंद, छातीएवढा खोल, कोरडा ठणठणीत. चाकं दोन्ही काठांवर, चाकांना दगड, आणि खाली खड्ड्यात मी. सरकारी योजनेचा इतका चांगला उपयोग आमच्या वस्तीत त्याआधी झाला नव्हता. पाने ट्रॅक्टरवाल्याकडून आणले होते. पुढच्या सीटा उचलल्या, बॅटरी सोडली, मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा सोडला, आणि मग गिअरबॉक्सचे नट. एकेका नटाला पाऊण तास. मी पुस्तकात वाचलेलं पुटपुटत होतो आणि आबा वरून विचारत होते, "निघालं का?" आबांनी ती गाडी अकरा वर्षं चालवली होती, पण तिच्या पोटात काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बायकोशीही त्यांचं असंच होतं, असं मावशी म्हणायची.

मावशी उंबऱ्यावर सूप घेऊन पावटे सोलत बसली होती. तिला सुट्टी होती आणि करमणूक फुकट होती. दुपारी आईनं पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खड्ड्याच्या काठावर आणून दिला, कारण माझे हात बघून तिनं मला घरात घ्यायचं नाकारलं. चार वाजता गिअरबॉक्स गोणपाटावर उतरला आणि जुनी क्लच प्लेट हातात आली. भाकरीएवढी, मध्ये चार जाड स्प्रिंगा, एका बाजूनं मध्यभाग फुगीर, दुसऱ्या बाजूनं सपाट. कडेचं अस्तर पार झिजून गेलेलं. मी ती निघाली तशीच, तोंड न फिरवता, काठावर उभी टेकवून ठेवली. मावशीनं मान लांब करून पाहिली आणि पुन्हा पावटे सोलायला लागली. मग आबा पुण्याला गेले आणि रात्री नवी प्लेट घेऊन आले, तिला कापडात गुंडाळून, नवजात मूल आणावं तशी.

रविवारी सकाळी ती बसवायची वेळ आली. आबांनी भिंतीवरून शीट काढली आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून दोन्ही हातांनी मोर्चातल्या फलकासारखी धरली. "बघून बसव," म्हणाले. मी बघितलं. शीटवर साफ दिसत होतं की प्लेटची फुगीर बाजू फ्लायव्हीलकडं, म्हणजे इंजिनाच्या त्या जड चाकाकडं आहे. मी नवी प्लेट तशीच वर नेली.

मावशी म्हणाली, "आरं, ती फुगीर बाजू काल हिकडं व्हती ना? मागं?"

मी थांबलो. खरंच थांबलो. मला आठवेना. काल प्लेट निघाली तेव्हा मी खूश होण्यात गुंतलो होतो. "मावशी, शीटमध्ये असंच दाखवलंय."

"मी आपली बघितलेलं सांगितलं. मला काय, मी फरशी पुसती."

"शेवंता, नऊ मार्क हायेत त्याला," आबा म्हणाले.

एका बाजूला मावशीचे डोळे आणि दुसऱ्या बाजूला लाल शाई. मी लाल शाई निवडली. माझ्यासारख्या मुलाला कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं असतं, की तुझ्या घरच्यांना जे दिसतं ते ज्ञान नव्हे. कुणी तोंडानं शिकवत नाही, पण पाठ होतं.

प्लेट बरोबर मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्स परत चढत नाही. त्यासाठी लाकडाचा गोल तुकडा मधल्या भोकात घालून प्लेट धरायची, असं बबन मिस्त्रीनं आबांना सांगितलं होतं. आबा घरात गेले.

"लाटणं दे."

"कशाला?" आईचा आवाज.

"क्लचला."

"त्याला तेल लागलं तर सणाच्या पोळ्या मी तुमच्या पाठीवर लाटीन."

लाटण्याच्या मुठीला चिकटपट्टीचे वेढे दिले आणि ते भोकात इतकं नेमकं बसलं की आईसुद्धा बघायला आली. अडीच वाजता सगळं पुन्हा जागेवर होतं. फक्त एक वॉशर शिल्लक राहिला होता, तो मी खिशात टाकला आणि त्याबद्दल कुणाशी बोललो नाही. गाडी ढकलून खड्ड्यावरून सपाटीला घेतली. तोवर निम्मी वस्ती जमली होती. आबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

इंजिन सुरू झालं. आबांनी क्लच दाबला, गिअर टाकायला गेले आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की पाट्यावर कुणीतरी खिळे वाटतंय. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पायाखाली क्लच होता, पण दाबला काय आणि सोडला काय, इंजिनाला ते कळतच नव्हतं. मग आबांनी इंजिन बंद करून आधी गिअर टाकला आणि मग चावी फिरवली. गाडीनं दोन हात उडी मारली आणि गप झाली. आबांनी तीनदा तसं केलं. गाडी तीनदा उडाली.

"दाजी," मावशी म्हणाली, "जांब्यापत्तूर असंच न्ह्यायचं आसंल तर मी चालत निघते. मी आधी पोचंन."

लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. आबा गाडीतून उतरले आणि शीट उचलून माझ्या हातात दिली. तुझं तू बघ, असं त्यांचं ते देणं होतं. ऊन त्याच बाजूला कललं होतं. का कोण जाणे, मी ती शीट व्हॅनच्या त्याच काचेला लावून पाहिली, आणि वाऱ्यानं ती हातातून सुटून उलटी होऊन काचेला चिकटली. कागदातून उजेड आला आणि मागच्या बाजूनं चित्र दिसलं. फुगीर बाजू आता तिकडं होती.

मग सगळं आठवलं. सीनियरची ती शीट अनेक महिने गुंडाळून ठेवलेली होती. काचेवर सरळ लावली की तिच्या कडा वळून यायच्या. तोंड काचेकडं करून उलटी लावली की गुमान राहायची. मी ती उलटी लावूनच गिरवली होती. नावं मात्र नंतर लिहिली, मूळ शीट मांडीवर सुलटी ठेवून, जिथल्या तिथं. रेषा उलट्या आणि नावं सुलट. फ्लायव्हील जिथं लिहिलं होतं तिथं गिअरबॉक्स होता आणि गिअरबॉक्स लिहिलं होतं तिथं फ्लायव्हील. आणि त्यावर लाल शाईत नऊ.

लपवता आलं असतं. प्लेट खराब निघाली म्हणून सांगता आलं असतं, आणि मी ते वाक्य मनात जुळवलंही होतं. पण सोमवार सकाळ पंधरा तासांवर होती आणि मला आबांचे हात हवे होते.

"आबा, प्लेट उलटी बसलीय. शीटच चुकीची हाय. मी उलटी गिरवली."

आबांना समजायला वेळ लागला. "पर तुझ्या सरांनी बघितली ना?"

"सही केली."

"नऊ दिले."

"व्हय."

आबांचा चेहरा उतरला. चढावर गाडी मागं सरकायला लागली तेव्हाही तो इतका उतरला नव्हता. "म्हंजे त्यांनाबी म्हाईत न्हाई," ते हळूच म्हणाले. "मंग तू तितं रोज जातूस कशाला?" रागानं नाही. घाबरून. अकरा वर्षं ती गाडी त्यांनी ज्या भरवशावर ओढली होती, तो भरवसा मी त्यांच्यासमोर उन्हात धरून उलटा दाखवला होता.

उत्तर मावशीनं दिलं. ती सूप बाजूला ठेवून उठली. "भिऊ नका दाजी. पोरगं हुशारच हाय. नुस्तं उलट्या बाजूनं हाय. उचला पाना."

दुसऱ्यांदा गाडी उघडायला दीडच तास लागला. काल ज्याला दिवस गेला होता ते आता हाताला ठाऊक झालं होतं, आणि या वेळी आबा वरून 'निघालं का' न विचारता खड्ड्यात माझ्याबरोबर उतरले होते. कोणता नट आधी सुटतो हे त्यांना माझ्याआधी कळायला लागलं. शीट अंगणात कुठंतरी पडली होती. प्लेट फिरवून धरली, लाटणं घातलं, आणि बोल्ट कसायच्या आधी मी खड्ड्यातून हाक मारली.

"मावशी, जरा येऊन बघ ना."

तिनं पदर खोचला, पंचायतीच्या खड्ड्यात उतरली, वाकून प्लेट पाहिली. तिला घाई नव्हती. "व्हय," ती म्हणाली. "असंच व्हतं." आणि मग मी बोल्ट कसले. माझ्या शिक्षणात माझ्या कामावर झालेली ती पहिली तपासणी, जिच्यात तपासणाऱ्यानं काम पाहिलं. वॉशरचीही जागा सापडली. दिवेलागणीला गाडी अंगणातून निघाली, वस्तीला वळसा घालून परत आली, आणि करकरली नाही.

सरांना मी पुढच्या आठवड्यात सांगितलं. मला वाटलं ते चकित होतील. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा ही मागे ठेव." नऊ मार्क पडल्यामुळे माझी शीट तोवर वर्गभर फिरली होती आणि तिच्यावरून जवळजवळ साऱ्यांनी जीटी मारली होती. म्हणजे आमच्या तुकडीतल्या बहुतेक सगळ्या मेकॅनिकल इंजिनिअरांचा क्लच उलटा आहे. आज त्यातले काहीजण मोठ्या हुद्द्यांवर आहेत. मी सापडलो, कारण माझ्याच घरी व्हॅन होती. माझ्या मुलाच्या कॉलेजात हे सगळं आता कॉम्प्युटरवर काढतात. तो म्हणतो, आता उलटं होऊच शकत नाही. मी त्याला एवढंच विचारतो, की हाताला काळं कधी लागलं होतं. तो विषय बदलतो.

शीट आबांनी त्याच रात्री घडी सरळ करून पुन्हा भिंतीवर लावली. मी म्हणालो, निदान नावं खोडून बरोबर लिहितो. "हात लावू नको," म्हणाले, "खोडल्यावर मार्क ऱ्हातील का?" ती अजून तिथं आहे, पिवळी पडून. आबा आता गाडी चालवत नाहीत, पण जेवायला आलेल्या माणसाला बोट करून दाखवतात. "ह्ये उलटं हाय. तरी नऊ."

पण सोमवार सकाळ राहिली. सहाला आबांनी भोंगा दिला आणि बायका एकेक करून आल्या, हातात डबे, अंगावर शाली. मी सवयीनं पुढच्या दाराशी गेलो आणि मूठ धरली. मावशी मागच्या दाराशी उभी होती, हातात लिंबू. चढायची ती चढेना. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "इंजिनेर, मी कुटं बसू? शीट बघून सांग."

मी पुढचं दार उघडलं आणि बाजूला झालो. ती आली, नीट बसली, साडी सावरली. मी मागं जाऊन सहाजणींच्या मध्ये, कोपरं अंगात घेऊन बसलो. त्या चढाला आबांनी गिअर बदलला तेव्हा गाडीत कुणी श्वास घेतला नाही. गाडी चढली. नुसती चढली, फार आवाज न करता. बायका पुन्हा बोलायला लागल्या, आणि वरच्या वळणावर माझ्या पोटात ढवळून आलं. मागं बसल्यावर मलाही गाडी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तोंडावर रुमाल धरला. मावशीनं वळून पाहिलं नाही. नुसता हात मागं केला, आणि त्या हातात लिंबू होतं.